डॉक्टरकीला निघताना

(आकाशवाणीवरून सादर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



दरवर्षी नीटचा निकाल लागला आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की माझ्या नंदुरबारच्या दवाखान्यात एक वेगळेच पेशंट येऊ लागतात. त्यांना ताप नसतो, खोकला नसतो. बरोबर मुलगा किंवा मुलगी असते आणि बापाच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद असतो. बाकीचे पेशंट संपेपर्यंत ते बाकावर बसून राहतात. मग आत येऊन, आवाज जरा खाली आणून विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोराचा नंबर लागला. आता काय काय घ्यावं लागेल?"

हा प्रश्न ऐकला की मला माझे बाबा आठवतात आणि आमची बैलजोडी आठवते.

मी नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. घरात मावची बोलणारा, आश्रमशाळेत शिकलेला. १९८६ साली मला मेडिकलला प्रवेश मिळाला. तेव्हा नीट नव्हती, सीईटीही नव्हती. बारावीच्या मार्कांवर प्रवेश व्हायचा. नंदुरबार जिल्हाही तेव्हा नव्हता; आम्ही धुळे जिल्ह्यातले, आणि त्या जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज नव्हते. दोन एसटी बदलून लांबच्या शहरात जायचे होते. ओळखीच्या एका गृहस्थांनी बाबांना यादी लिहून दिली. इंग्लंड-अमेरिकेतल्या लेखकांची जाडजूड पुस्तके, भारीतला स्टेथोस्कोप, हाडांचा संच, कातडी सूटकेस, बूट. "एवढं नसेल तर पोराला वर्गात बसू देणार नाहीत," असेही त्यांनी सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनीही कुणाकडून तरी ऐकलेलेच होते.

पेरणी होऊन गेली होती, कोळपणी बाकी होती. बाबांनी बैलजोडी विकली. त्या वर्षी कोळपणी झालीच नाही, आई-बाबांनी विळ्याने निंदणी केली. पोळ्याला आमचा गोठा रिकामा होता. दुसरी जोडी घरात यायला पुढे तीन वर्षे लागली. तोवर शेत नांगरले जायचे ते दुसऱ्याच्या बैलांवर आणि दुसऱ्याच्या सवडीने.

आणि त्या पैशांतून घेतलेल्या सामानाचे काय झाले? ती मोठी पुस्तके पहिल्या वर्षी मी फार तर वीस वेळा उघडली असतील. इंग्रजी इतके अवघड की एका पानाला एक तास लागायचा. अभ्यास केला तो सीनियरच्या जुन्या पुस्तकांवर आणि लायब्ररीत. स्टेथोस्कोप पहिल्या वर्षी मोजक्याच प्रॅक्टिकलला लागला आणि वॉर्डमधले काम सुरू व्हायच्या आत हरवला. याउलट जे खरोखर लागणार होते ते माझ्याजवळ नव्हते. गादी नव्हती, मच्छरदाणी नव्हती, दाखल्यांच्या जादा प्रती नव्हत्या आणि चार वाक्ये इंग्रजीत बोलायची सवय नव्हती. पहिले पंधरा दिवस मी सतरंजीवर झोपलो. उशाला ती कातडी सूटकेस होती.

म्हणून आज मी यादी सांगणार आहे. पण तिची सुरुवात दुकानापासून करणार नाही, कागदांपासून करणार आहे.

प्रवेशाच्या दिवशी टेबलापलीकडचा माणूस स्टेथोस्कोप विचारत नाही, कागद विचारतो. नीटचे ओळखपत्र आणि गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, आधार, जागावाटपाचे पत्र, वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. मध्ये एखादे वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. राखीव जागेवर प्रवेश असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. इतर मागासवर्गासारख्या प्रवर्गांना त्यावर नॉन-क्रीमीलेअरही लागते. आपल्या जिल्ह्यात सर्वांत जास्त पोरे अडतात ती या वैधता प्रमाणपत्रावर. आजोबांचा शाळेचा दाखला सापडत नाही, आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतेच, जन्मतारखेत फरक. हे सगळे निस्तरायला महिने जातात. म्हणून मूल अकरावीला गेले की त्याच वर्षी कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करून टाका. नीटच्या निकालानंतर धावपळ करून ते काम होत नाही.

मूळ कागद कॉलेजात जमा होतात आणि बराच काळ तिथेच राहतात. पुढे शिष्यवृत्तीला, वसतिगृहाला, बँकेला तेच कागद पुन्हा लागतात. त्यामुळे निघण्यापूर्वी प्रत्येक कागदाच्या आठ-दहा झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये स्पष्ट फोटो ठेवा आणि पासपोर्ट आकाराचे दोन डझन फोटो बरोबर घ्या. या सगळ्याला पाचशे रुपयेसुद्धा लागत नाहीत.

बँकेचे खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर हवे आणि ते आधारशी जोडलेले हवे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून थेट खात्यात येते. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर भोजन आणि निवासासाठी रक्कम देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. मात्र एक गोष्ट आईबापांनी मनाशी धरून चालावी. ही रक्कम ऐन गरजेच्या दिवशी खात्यात येईलच असे नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांच्या मेसचे पैसे बाजूला ठेवा. यादीतले काय वगळायचे हे ठरवताना मी आधी हा विचार करतो. भारी वस्तू घेऊन मेसचे बिल थकवण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा करण्याचे बंधपत्र असते. सही करण्यापूर्वी मुलाने आणि पालकांनी हे वाचून घ्यावे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण कशावर सही करतो आहोत हे माहीत असावे.

आता सामानाकडे येऊ. गेल्या पावसाळ्यात धडगावच्या बाजूच्या एका पाड्यावरचा एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीला दूरच्या शहरातले सरकारी कॉलेज मिळाले होते. त्याच्या हातात छापील यादी होती, शेवटी बेरीज होती ५५ हजार रुपये. मुलीची आई बाहेर बाकावर बसली होती. गळ्यात चांदीची जड हासळी होती. ती त्याच दिवशी सराफाकडे गहाण ठेवायची असे घरात ठरले होते. मी पेन घेतले आणि म्हटले, "भाऊ, बसा. एकेक ओळ पाहू."

पहिली ओळ स्टेथोस्कोपची, ९ हजार. मी खोडली. लिटमनसारख्या कंपन्यांचे स्टेथोस्कोप चांगलेच असतात, त्यात वाद नाही. पण पहिल्या वर्षी तो लागतो तो फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला, रक्तदाब मोजायला आणि हृदयाचे आवाज ओळखायला शिकताना. त्या कामाला सहा-सातशे रुपयांचा साधा स्टेथोस्कोप पुरतो. पुढे वॉर्डात कान तयार झाले, स्वतःला फरक कळू लागला की मग चांगला घ्यावा. कान तयार नसेल तर नऊ हजारांच्या नळीतूनही नुसती धडधडच ऐकू येते.

दुसरी ओळ पुस्तकांची, १४ हजार. पहिल्या वर्षाचे मुख्य विषय तीन : शरीररचना म्हणजे ॲनाटॉमी, शरीरक्रिया म्हणजे फिजिऑलॉजी आणि जीवरसायनशास्त्र म्हणजे बायोकेमिस्ट्री. यादीत प्रत्येक विषयाची दोन-दोन, तीन-तीन पुस्तके होती. मी सांगितले, एका विषयाला एकच मुख्य पुस्तक. ॲनाटॉमीला बी. डी. चौरसियांचे खंड आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. कुणाला विश्राम सिंग यांचे बरे वाटते. फिजिऑलॉजीला ए. के. जैन यांचे पुस्तक सोपे. गायटनचे मोठे पुस्तक उत्तम, पण ते लायब्ररीत असतेच. बायोकेमिस्ट्रीला सत्यनारायण किंवा वासुदेवन. यातले कोणते घ्यायचे हे मात्र कॉलेज सुरू होऊन दोन आठवडे गेल्यावर, शिक्षक आणि सीनियर यांना विचारून ठरवा. सीनियरकडून जुने घेतले तर बरेच स्वस्त पडते. वर त्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा फुकट मिळतात. कोणता प्रश्न दरवर्षी येतो हे त्या खुणांवरून कळते. फक्त आवृत्ती फार जुनी नाही ना, एवढे पाहावे.

तिसरी ओळ प्लास्टिकच्या हाडांच्या संचाची, ७ हजार. खोडली. आमच्या काळी खऱ्या हाडांचा संच सीनियरकडून ज्युनियरकडे जायचा. वसतिगृहातल्या पलंगाखाली गोणपाटात बांधलेली ती हाडे पाहून खोली झाडायला आलेली बाई पळून गेल्याचे मला आठवते. आज कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात हाडे अभ्यासाला मिळतात. चार मुलांनी मिळून एखादा संच घेतला तरी वर्ष निघते.

रक्तदाबाचे यंत्र २ हजार, खोडले. ते विभागात असते. टॅब्लेट १८ हजार, खोडला. मुलीकडे मोबाइल होता आणि त्यावर पुरेसे भागते. टॅब्लेट वाईट नाही. पण तो हासळी गहाण ठेवून घ्यायची वस्तू नाही. अडीच हजारांच्या सुटकेसऐवजी पत्र्याची ट्रंक घरात होती. तिला कुलूप लावले की झाले.

राहिले काय? दोन सुती पांढरे ॲप्रन. तिसऱ्याची गरज नाही, पण दोन हवेतच. कारण ॲनाटॉमीच्या हॉलमधला फॉर्मलिनचा वास एका धुण्यात जात नाही. डिसेक्शनची छोटी पेटी : मूठ, ब्लेड, दातांचा आणि बिनदातांचा असे दोन चिमटे, कात्री, प्रोब. हातमोजे आणि मास्क. हिस्टॉलॉजीच्या जर्नलमध्ये सूक्ष्मदर्शकाखालची चित्रे काढायला गुलाबी आणि जांभळी पेन्सिल. पेशींचे केंद्रक जांभळे आणि भोवतालचा भाग गुलाबी दिसतो म्हणून हे दोन रंग. पुढे बंद बूट. चप्पल किंवा सँडल चालत नाहीत, कारण खाली काय सांडेल, काय टोचेल याचा नेम नसतो. मुलींनी केस बांधावेत आणि ओढणी मोकळी ठेवू नये.

वसतिगृहासाठी गादी, दोन चादरी, मच्छरदाणी, बादली-मग, दोन कुलपे, विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड, पाण्याची बाटली, टेबलावरचा दिवा. हे सारे त्या त्या शहरात गेल्यावर घ्यावे, ओझे कमी होते. सगळे धरून बेरीज दहा-साडेदहा हजारांत आली. त्या माणसाने कागद दोनदा पाहिला. मग बाहेर जाऊन बायकोला काहीतरी सांगितले. दाराच्या फटीतून मला दिसले, तिने हासळीवर हात ठेवला आणि पदर पुढे ओढून घेतला. तीन बोकड विकले गेले. ते विकावेच लागले. पण हासळी घरात राहिली.

श्रोतेहो, वस्तूंची यादी इथे संपली. आता अशा तयारीबद्दल बोलतो जी दुकानात मिळत नाही.

पहिली तयारी शरीराची. हिपॅटायटिस-बी ही कावीळ रक्तातून पसरते आणि डॉक्टरकीत सुई टोचण्याचा धोका कायमचा. तिची लस तीन डोसांत घ्यायची असते : पहिला डोस, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे जितक्या लवकर सुरू कराल तितके चांगले. आमच्या वेळी ही लस सहज मिळत नव्हती, आज मिळते. लहानपणी घेतली असेल तर लसीचे कार्ड शोधून बरोबर ठेवा. धनुर्वाताची लस कधी घेतली तेही पाहा. आणि आपल्या सातपुड्याच्या भागातल्या मुलांसाठी खास सांगतो, सिकलसेलची तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते. केवळ वाहक असणे हा आजार नव्हे, त्याने शिक्षण अडत नाही. पण स्वतःच्या रक्ताबद्दल डॉक्टर होणाऱ्या माणसाला माहिती नसावी, हे बरे नाही.

दुसरी तयारी भाषेची. माझी पहिली तोंडी परीक्षा मला अजून आठवते. खांद्याच्या सांध्याविषयी प्रश्न होता. उत्तर मला येत होते. डोक्यात ते मराठीत तयार होते, ओठांवर इंग्रजी येत नव्हते. मी गप्प उभा. मागे कुणीतरी हसले. परीक्षक म्हणाले, "मराठीत सांग." मी सांगितले. ते म्हणाले, "आता यातले प्रत्येक नाव इंग्रजीत सांग, बाकी वाक्य मराठीतच राहू दे." तसे सांगितले आणि मी पास झालो. त्या सरांनी मला नकळत अभ्यासाची पद्धतच देऊन टाकली. मराठी माध्यमाच्या मुलांना मी आज हेच सांगतो. आधी विषय मराठीत समजून घ्या, मग शब्द इंग्रजी करा. एक छोटी वही ठेवा, रोज दहा शब्द लिहा. वैद्यकातले शब्द तुकड्यांनी बनतात. 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणे, 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. असे शंभर तुकडे पाठ झाले की हजार शब्दांचे कुलूप उघडते. कॉलेज सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या दिवसांत एवढे केले तरी पुष्कळ. अभ्यासक्रमाचे पुस्तक आधीच पाठ करायला बसू नका. त्या दिवसांत घरी राहा, झोप घ्या, स्वतःचे कपडे धुवायला आणि वरणभात शिजवायला शिका.

तिसरी तयारी मनाची. ॲनाटॉमीच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी येते ते फॉर्मलिनमुळे, पण तेवढ्यामुळेच नाही. सकाळी काहीतरी खाऊन जा. चक्कर आली तर लाजू नका, बाजूला बसा. अनेकांना येते. आपल्या राज्यात हे शवविच्छेदन १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली चालते. काही देह दान केलेले असतात, काही बेवारस. आमच्या टेबलावर जो देह होता त्याच्या टाचांना खोल भेगा होत्या. आयुष्यभर अनवाणी चाललेला माणूस असणार. आमच्याकडची माणसे ऊसतोडीला गुजरातेत जातात, काही परत येतच नाहीत. मला बाबांचे पाय आठवले आणि त्या दिवशी मी चिमटा हातात धरू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी धरला. त्या माणसाचे नाव मला कधीच कळले नाही. हाताच्या शिरा आणि नसा मात्र मी त्याच्याकडूनच शिकलो.

आमच्या वेळी पहिले एमबीबीएस दीड वर्षाचे होते. १९९७ नंतर ते एका वर्षावर आले. विषय तेवढेच, वेळ कमी. त्यामुळे गावात नेहमी पहिला येणारा मुलगा इथे पहिल्या चाचणीत नापास होऊ शकतो. तो नापास झाला की घरी फोन करायचा बंद होतो. हे पालकांनी ओळखावे. पुरवणी परीक्षा असते. पहिल्या वर्षाला नियमाने चार संधी मिळतात. हजेरी मात्र सांभाळावी, थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के. निघण्यापूर्वी बापाने मुलाला एक वाक्य सांगून ठेवावे : "नापास झालास तरी फोन कर." माझ्या मते हे वाक्य पुस्तकांच्या संचापेक्षा जास्त उपयोगी पडते.

आणि छळ सोसू नये. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असते, तिचे फोन नंबर पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्या. आपल्या खानदेशातल्या, जळगावच्या डॉ. पायल तडवी यांनी २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळ केला, अशी कुटुंबीयांची तक्रार होती. प्रकरण न्यायालयात गेले. त्यावर मी भाष्य करणार नाही. पण त्या बातमीनंतर आपल्या भागातल्या किती आया मुलीला पाठवायला धजावल्या नाहीत, ते मी जवळून पाहिले आहे. भीती खरी आहे. तरीही पोरींनी घरी बसणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे. तक्रार कुठे करायची ते माहीत असणे आणि घरचे आपल्या बाजूला आहेत याची खात्री असणे, हा उपाय आहे.

आपल्या जिल्ह्यात उदाहरणे नाहीत असे कुणी म्हणू नये. २०१९ ते २०२१ या काळात, कोरोनाच्या दिवसांत, आपले जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारुड. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातले, अक्कलकुव्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात शिकलेले, मुंबईत एमबीबीएस होऊन मग प्रशासनात आलेले. प्राणवायूची गरज पडेल हे ओळखून त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजन प्रकल्प वेळेत उभे केले. झोपडीतल्या मुलाच्या बरोबर निघताना काय सामान असते? पण जे शिकून येतो ते जिल्ह्याच्या कामाला येते.

आता उलट बाजूच्या प्रवाशांसाठी दोन शब्द. १९९८ साली आपला जिल्हा झाला आणि त्याच वर्षी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठही झाले. २०२०-२१ या वर्षापासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १०० जागांचे. आता पुण्या-मुंबईची, लातूर-नागपूरची मुले इथे शिकायला येतात. त्यांच्या आईबापांनाही यादी हवी असते. त्यांना मी सांगतो, मुलाच्या पिशवीत एक कोरी वही जास्त ठेवा. इथला पेशंट अहिराणी बोलेल, भिली बोलेल, पावरी किंवा मावची बोलेल. "कोठे दुखस?" एवढे जरी विचारता आले तरी म्हातारीचा चेहरा बदलतो. नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून मुलांना गावातली काही कुटुंबे दत्तक दिली जातात, त्यांच्या आरोग्याकडे लक्ष द्यायचे असते. त्या घरी जाताना ॲप्रनपेक्षा ही वही कामी येते. अक्कलकुवा-धडगावच्या काही पाड्यांवरून आजही पेशंटला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. नर्मदाकाठच्या गावांना बोटीवरचा तरंगता दवाखाना जातो. इतक्या लांबून आलेल्या माणसाला आपले दुखणे आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

ती धडगावकडची मुलगी निघाली तेव्हा मी तिला माझ्याकडची एक जुनी डिसेक्शनची पेटी दिली. ब्लेड नवे बसवायला सांगितले. तिचे वडील दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "साहेब, एक विचारू? ती परत येईल ना?"

त्यांना काय सांगणार? मी स्वतः माझ्या पाड्यावर परत गेलो नाही. नंदुरबारपर्यंत आलो, तिथेच थांबलो. पोरांची शाळा, वीज, ऑपरेशनची सोय, कारणे पुष्कळ होती आणि खोटी नव्हती. तरी बाबा असेपर्यंत दर पोळ्याला मी घरी जात होतो आणि नव्या बैलजोडीच्या शिंगांना रंग लावत होतो. बाबा कधी काही बोलले नाहीत. मी त्या माणसाला एवढेच म्हटले, "भाऊ, तिला दर रविवारी फोन करा. गावात कोण आजारी आहे ते सांगत जा. ती विसरणार नाही." तो मान हलवून गेला. त्याचे समाधान झाले की नाही, मला माहीत नाही.

दिवाळीच्या सुटीत ती मुलगी येऊन भेटली. पहिल्या चाचणीत ॲनाटॉमीत ती नापास झाली होती. "घरी सांगितलंस का?" मी विचारले. म्हणाली, "त्याच दिवशी."

शेवटी एक विनंती. आपल्या जिल्ह्यातून जी मुले डॉक्टर होऊन बाहेर पडली आहेत, त्यांच्या माळ्यावर जुनी पुस्तके, ॲप्रन, स्टेथोस्कोप पडून असतील. ते रद्दीत देऊ नका. आपल्या जुन्या शाळेत किंवा आश्रमशाळेत नेऊन ठेवा आणि मुख्याध्यापकांना सांगा, पुढच्या ज्या पोराचा नंबर लागेल त्याला हे द्या. पेरणीच्या दिवसांत कुणाचा गोठा रिकामा होऊ नये, म्हणून सांगतो.